शनिवारच्या मुक्कामाआधी: जागा ठरवण्यापासून खुंट्यांपर्यंत

तंबू, पांघरुणं, बॅटऱ्या शुक्रवारी रात्री गोळा केल्या तरी चालतं. जागा मात्र बुधवारपर्यंत पक्की हवी. मराठवाड्यात ती निवडताना आधी एवढंच बघा, की तिथे रात्री राहू देतात का. देवगिरी किल्ला आणि पितळखोरा लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, सूर्यास्ताला बाहेर पडावंच लागतं. गौताळा औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे मुक्काम वनविभागाच्या परवानगीनेच, आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून छोटी शेकोटीही नको.

घरापासून दोन तासांच्या आतलं ठिकाण धरा, नाहीतर शनिवारची संध्याकाळ रस्त्यातच जाते. संभाजीनगरकरांना डोंगरावरचं म्हैसमाळ सोयीचं. वर वारा जोराचा असतो, म्हणून कड्याच्या टोकाचा मोह सोडून झाडांच्या आडोशाला जागा बघा. बीडकरांसाठी पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा आहे. पावसाळ्यात खाली दरीत अजिबात थांबू नका आणि दिवाळीनंतर धबधब्याला पाण्याची फार आशा ठेवू नका. परभणी-हिंगोलीकरांना येलदरी धरण जवळ.

नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी जलाशयाचा, काठ फोटोत मोकळा माळ वाटतो, तो तसा नसतो. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. आपण रिकामी समजून तंबू ठोकतो त्या जमिनीत कुणाचा तरी हरभरा नुकताच पेरलेला असतो. शिवाय जलाशय पक्षी अभयारण्य आहे. पैठणला गावात विचारल्याशिवाय काठावर उतरू नका, आणि स्पीकर घरीच ठेवा.

माझं मत विचाराल तर मराठवाड्यात ओळखीच्या माणसाच्या आखाड्यासारखी, म्हणजे शेतावरच्या घरासारखी, मुक्कामाची जागा नाही. डिसेंबर-जानेवारीत गुळभेंडी ज्वारीचा हुरडा चालू असला तर विचारायलाच नको. फक्त मालकाला आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. विहिरीला किंवा बोअरला पाणी आहे का? गाडी कुठवर येते? आणि या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे की रात्रीची? रात्रीची असेल तर मालक गव्हाला पाणी द्यायला उठणार, मोटार सुरू होणार, आणि तंबू वाफ्याच्या उताराला असला तर पहाटे गादी भिजणार. कडब्याच्या गंजीपासून लांब राहा. गंजीत उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात. मण्यार तर बहुतेकदा झोपलेल्या माणसाला चावते, आणि अनेकदा दाताची खूणही धड दिसत नाही. म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपू नये, तंबूची चेन कायम बंद, बूट झटकूनच पायात. जवळचं सर्पविषावरचं इंजेक्शन असलेलं सरकारी रुग्णालय कोणतं हे निघण्याआधी माहीत असू द्या. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

सामानात तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्यांवर भरवसा नको. मुरमात त्या वाकतात, भिजलेल्या काळ्या मातीत उपटून येतात. लोहाराकडून सळईच्या वीतभर लांब करून घ्या, सोबत हातोडी. पाणी पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरा, विहीर असली तरी. थंडीची लाट आली की परभणीचा पारा एक आकडी होतो, तेव्हा अंगाखाली जाड सतरंजी हवीच. पांघरूण कितीही घेतलं तरी गारठा जमिनीतून वर येतो.

जेवणाचा घोळ घालू नका. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही एवढ्यावर शनिवारची रात्र निघते, रविवारी सकाळी चहापुरता छोटा गॅस पुरे. काड्यापेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि अवकाळीचं आभाळ दिसलं तर गाडी डांबरी रस्त्यावरच लावून आखाड्यापर्यंत चालत जा. काळ्या रानात रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि रविवारी सकाळी तो मोकळा सापडेलच असं नाही.