अडकणारं बोट: ऑपरेशनआधी घरी आणि दवाखान्यात काय करावं

सकाळी उठल्यावर मूठ उघडताना अनामिका किंवा अंगठा मागंच राहतो. दुसऱ्या हातानं ओढलं की टक् होऊन सुटतो. डॉक्टर याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, तळहातात बोटाच्या मुळाशी एका अरुंद पट्ट्याखालून सरकते. हा पट्टा जाड झाला आणि कंडराही तिथंच फुगली, की नेफ्यात नाडीची गाठ अडकावी तशी ती अडकते. दुखतं मधल्या पेरात, पण बिघाड असतो तळहातात. म्हणून पेरावर बाम चोळून उपयोग होत नाही.

आधी खात्री करून घ्या. दुखऱ्या बोटाच्या मुळाशी, तळहातावरच्या वरच्या आडव्या रेघेजवळ (अंगठा असेल तर त्याच्या मुळाच्या घडीवर) दुसऱ्या हाताचा अंगठा दाबून धरा आणि बोट हळू वाकवा. तिथं दुखरी, वाटाण्याएवढी गाठ सरकताना जाणवली तर बहुतेक हाच आजार. मग तळहात टेबलावर पालथा ठेवा. अडकलेलं बोट एकदा सुटलं की सपाट टेकतं. ते टेकत नसेल, ओढूनही सरळ होत नसेल, दुखत नसेल आणि तळहातात कातडीखाली कडक दोर लागत असेल, तर तो ड्युपिट्रेन्स नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्याला खालचे उपाय लागू नाहीत.

मधुमेहींमध्ये हा त्रास बराच जास्त दिसतो. आयुष्यात कधीतरी तो साधारण 100 पैकी 10 मधुमेहींना होतो, इतरांमध्ये 2 ते 3 जणांना. साखर कधी तपासली नसेल तर बोट अडकणं हे तपासायला पुरेसं कारण आहे. थायरॉइड आणि संधिवाताचंही तसंच.

पकड बदला

उपचाराचा गाभा इथंच आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथंच होतं. घट्ट मुठीचं काम चालू ठेवलं तर पट्टी, गोळी, इंजेक्शन सगळं कमी पडतं. आपल्या कोल्हापूर भागात हात ज्या कामांत झिजतात ती ठरलेली आहेत: म्हशीची धार, भांगलण, ऊसतोड, हुपरीतलं चांदीकाम, चपला शिवताना धरलेली आरी.

खुरप्याची किंवा विळ्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळहातात रुतायला नकोत, इतकी ती जाड हवी. धार काढताना अंगठा दुमडून सड त्याच्यावर दाबायची सवय असेल तर ती मोडा. सड पूर्ण हातानं धरा आणि शक्य तर काही आठवडे दुसऱ्या कुणाला धारेला बसवा. कपडे पिळू नका, नुसते निथळत ठेवा. बाजाराची पिशवी बोटांत अडकवू नका, कोपरावर घ्या.

रात्रीची पट्टी

झोपेत बोटं आपोआप मुडपतात, म्हणून सकाळ वाईट जाते. औषधाच्या दुकानात बोट सरळ ठेवणारी तयार पट्टी (स्प्लिंट) मिळते. मिळाली नाही तर आईस्क्रीमची चपटी लाकडी काडी घ्या. बोटाच्या मुळाच्या घडीपासून नखाजवळच्या पेराच्या घडीपर्यंत मोजून ती कापा, टोकं घासून गोल करा आणि वर सुती कापडाचा एक थर गुंडाळा. काडी तळहाताच्या बाजूनं ठेवून कागदी चिकटपट्टीनं दोन ठिकाणी बांधा: मधल्या सांध्याच्या खाली एक, वर एक. सांध्यावर चिकटपट्टी नको. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर बांधणी घट्ट आहे.

अशी पट्टी रोज रात्री, सहा ते आठ आठवडे. पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून बरेच जण सोडून देतात, आणि तिथंच फसतात. मधुमेहींनी रोज सकाळी कातडी पाहावी. वळ किंवा फोड दिसला तर काडी बंद. अंगठ्यासाठी पट्टी फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या.

व्यायाम, पण दाबायचा नाही

पट्टी काढल्यावर हात दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. बधिरपणा असेल तर पाणी घरातल्या दुसऱ्या कुणाला तपासू द्या. मग बोटं सरळ करा, मुळाचे सांधे सरळ ठेवून फक्त वरची दोन पेरं आकड्यासारखी वाकवा, पुन्हा सरळ. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. टक् होण्याआधी थांबा.

रबरी चेंडू दाबण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. कमजोरी हा इथला रोग नाही. प्रत्येक दाबानं तीच फुगलेली कंडरा त्याच पट्ट्यावर घासते. बोट झटक्यानं उघडणं आणि गाठ रगडून घेणं यांचंही तेच.

इंजेक्शन

सहा ते आठ आठवड्यांत फरक नसेल, किंवा बोट रोजच अडकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही केसपेपर काढून हा विभाग गाठता येतो. पट्ट्याजवळ स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, गुण यायला दोन-तीन आठवडेही लागतात. निम्म्याहून अधिक जणांना एकाच इंजेक्शननं बरं वाटतं. मधुमेहींमध्ये हे प्रमाण कमी. त्यांची साखर काही दिवस चढते, तेव्हा आठवडाभर घरी तपासत राहा आणि औषधाचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. सुईच्या जागी कातडी फिकट पडू शकते. दोन-तीन इंजेक्शनांनंतरही बोट अडकत असेल तर पुढची घेत राहण्यात अर्थ नाही. पट्टा मोकळा करणारी शस्त्रक्रिया छोटी असते, बहुधा फक्त हात बधिर करून होते. बोट दुसऱ्या हातानंही सुटेनासं झालं असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका, सांधा आखडतो.

काटा रुतल्यावर किंवा उसाच्या पाल्यानं कापल्यावर बोट सगळीकडून सुजलं, वाकडंच राहिलं आणि जरा सरळ करताच असह्य कळ आली, तर तो कंडरेच्या आवरणातला पू असू शकतो. पट्टी बांधत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.