बागेचा सल्लागार व्हायचंय? आधी कुदळ हातात घ्या

फळबागा किंवा बदाम, अक्रोड, काजूच्या बागांना सल्ला द्यायचं काम सुरू करताय ना, मग पहिली गोष्ट म्हणजे औषधाचं नाव तोंडातून लवकर काढायचं नाही. बागायतदार एका पानाचा फोटो पाठवतो, काय मारू विचारतो, आणि आपल्याला वाटतं पटकन सांगितलं नाही तर याचा विश्वास बसणार नाही. मी पण हे केलंय. एका बागेत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता, मी चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) फवारायला लिहून दिलं, दोन फवारण्या झाल्या तरी पानं तशीच. तिसऱ्या वेळी कुदळ मागून घेतली, झाडाखाली हातभर खणलं तर आत चिखल, मुळ्या काळ्या पडलेल्या, कुबट वास. पाणी जास्त होत होतं. जमिनीत लोह होतं पण मुळीला ते उचलताच येत नव्हतं. त्या बागायतदाराचे पैसे गेलेच, वर तेवढे दिवस मुळ्या सडत राहिल्या, ते मला अजून लागतं.

म्हणून बागेत गेलं की आधी चालायचं. कडेच्या दोन ओळी बघून परत यायचं नाही, नागमोडी आत जायचं, सखल भाग, उंचवटा, ठिबकच्या लाईनचं शेवटचं टोक, धुळीच्या रस्त्याकडची बाजू (लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो) सगळं बघायचं. चांगलं झाड आणि बिघडलेलं झाड शेजारी शेजारी बघा, नुसतं आजारी झाड बघून काही कळत नाही. सोबत १० पट मोठं दिसणारं भिंग, चाकू, कात्री, कागदी पिशव्या, मार्कर आणि वही. पानांचं ढोबळ गणित असं, नत्र कमी असेल तर आधी जुनी पानं पिवळी पडतात, पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात, लोहाचं कोवळ्या पानावर दिसतं, जस्ताचं पण कोवळ्यावरच पण तिथे पानं बारीक राहून शेंड्याला गुच्छ होतो. हे सगळं अंदाजापुरतं, नक्की करायला तपासणीच लागते.

माती काढताना ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर असे दोन वेगळे नमुने घ्या, जिथे मुळी खाते तिथलेच, आणि नुकतंच खत पडलेली जागा टाळा. रिपोर्टमध्ये पीएच (आम्ल की विम्ल), ईसी (क्षार किती), चुनखडी हे आधी वाचायचं. पान कुठलं तोडायचं हे प्रत्येक पिकाचं ठरलेलं आहे, बदामात फळ नसलेल्या आखूड फांदीवरचं, द्राक्षात फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचा देठ. ज्या पानासाठी योग्य प्रमाणाचा तक्ता बनवलाय ते पान सोडून दुसरं पाठवलं तर रिपोर्टमधले आकडे कशाशी ताडून बघणार?

पाण्याकडे सगळ्यात जास्त वेळ द्या, माझ्या मते निम्मे प्रॉब्लेम तिथलेच असतात. बागेतले २० ड्रीपर निवडा, काही लाईनच्या सुरुवातीचे, काही मधले, काही शेवटचे, प्रत्येकाखाली तेवढाच वेळ भांडं ठेवा आणि पाणी मोजा. सगळ्यात कमी पाणी देणाऱ्या ५ ड्रीपरची सरासरी काढून ती एकूण सरासरीने भागा. उत्तर ८० टक्क्यांच्या खाली आलं तर खताचं बोलायच्या आधी लाईन धुवा, फिल्टर बघा, प्रेशर तपासा, कारण ठिबकमधून जाणारं खतही तेवढंच कमीजास्त पडतंय.

किडीचं म्हणाल तर तारीख बघून फवारणी सांगू नका. सफरचंद आणि अक्रोडातल्या कॉडलिंग मॉथसाठी (याची अळी फळ पोखरते) कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणारे, नर पतंग सलग सापडायला लागले की तिथून १० अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता (दिवसाचं सरासरी तापमान वजा १०, हेच त्या दिवसाचे डिग्री-डे) रोज जमा करत जा, साधारण १४० डिग्री-डे झाले की अंडी फुटायला लागतात, मग फवारणीचा विचार. बदामात नेव्हल ऑरेंजवर्म (बदामाचा गर खाणारी अळी) असेल तर अर्धं काम हिवाळ्यातच होतं, मागच्या हंगामातली वाळकी फळं झाडावर सरासरी दोनपेक्षा कमी राहतील इतकी झाडून पाडायची आणि खाली पडलेली बारीक करून टाकायची. किरकोळ किडीसाठी उगीच सिंथेटिक पायरेथ्रॉइड (बऱ्याच किडी सरसकट मारणारा औषधाचा गट) मारलं की मित्रकिडी, म्हणजे किडींना खाणाऱ्या, मरतात आणि महिन्याभरात कोळी उसळतो, हे बागायतदाराला आधीच सांगा. आणि भिंगाखाली मित्रकोळी (लाल कोळ्याला खाणारा कोळी) भरपूर दिसत असेल तर "आत्ता काही मारू नका" असं लिहून द्या, तो पण पूर्ण सल्लाच आहे.

फवारणी लिहून द्यायचीच असेल तर तोंडी नको. औषध, मात्रा, पाणी किती, किती क्षेत्राला, काढणीआधी किती दिवस थांबायचं, फवारल्यावर बागेत माणसं कधी जाऊ शकतात, औषधाचा गट नंबर, सगळं कागदावर. गट नंबर म्हणजे औषध किडीवर कसं काम करतं त्याचा नंबर, तो यासाठी की पुढच्या वेळी नाव वेगळं आणि गट तोच असं होऊन किडीला सवय लागायला नको. लेबलवर ते पीक नसेल तर लिहायचंच नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. फुलोऱ्यात मधमाशा फिरत असताना फवारणी नको, आणि मधमाशीला घातक औषध असेल तर फुलोरा संपेपर्यंत थांबा. औषधविक्रीतून तुम्हाला कमिशन मिळत असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, नंतर दुसऱ्याकडून कळलं तर तुमचा खरा सल्लाही कोणी ऐकणार नाही.

आणि दर वेळी एक-दोन ओळी मोकळ्या सोडायला सांगा, काहीच न फवारता, रोग झपाट्याने पसरणारा असेल तर मात्र नको. बागायतदार कुरकुरतात, पण आठवड्याने जाऊन मोकळ्या ओळीतली आणि फवारलेल्या ओळीतली पन्नास-पन्नास पानं भिंगाखाली मोजा, त्यांच्यासमोरच मोजा, आणि आकडे दोघांच्याही वहीत लिहा.