भांडी 'नंतर घासू' म्हणताना होणाऱ्या चुका

जेवण झाल्या झाल्या विसळलेलं ताट घासायला अर्धं मिनिटही लागत नाही. तेच ताट सकाळपर्यंत पडून राहिलं की भाताची वाळलेली शितं नखानं खरवडावी लागतात. आपल्याला कंटाळा येतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या कामाचा. तेव्हा घासायचं राहिलं तरी चालेल, खरकटं मात्र वाळू देऊ नका.

सगळी भांडी सिंकमध्ये लोटून 'भिजत घातलीत' म्हणणे

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. एकात एक बसलेल्या ताटांमध्ये पाणी शिरत नाही, त्यामुळे मधली ताटं कोरडीच राहतात. कढईचं तेल पाण्यावर तरंगतं आणि पाणी सोडलं की खाली जाताना प्रत्येक पेल्याला चिकटतं. एरवी नुसतं विसळून भागलं असतं त्या पेल्यालाही मग साबण लागतो. शिवाय सिंक भरलं की नळाखाली हात घालायला जागा उरत नाही, आणि गढूळ पाण्यात सुरी कुठे आहे ते दिसत नाही. सुरी नेहमी बाहेर, ओट्यावरच ठेवा.

त्यापेक्षा उरलंसुरलं कचऱ्याच्या डब्यात झटका, ताटं विसळून उभी करा आणि प्रत्येक पातेल्यात डाग बुडेल इतकंच पाणी ठेवा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रात्रभर ठेवलं म्हणून जास्त सुटत नाही. खरकट्या कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि सकाळी वास येतो. लाकडी चमचे नि उलथणी भिजत घालूच नयेत, ती फुगतात आणि वाळताना तडकतात. बिडाचा तवा लगेच धुऊन, पुसून कोरडा करायचा, नाहीतर गंजतो.

सगळ्यालाच गरम पाणी

गरम पाणी तेलातुपासाठी. दूध, अंडं आणि मळलेलं पीठ यांना आधी गारच पाणी हवं. अंड्याचा पांढरा भाग साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो, म्हणजे कडकडीत पाण्यानं तो भांड्यावरच शिजतो. पिठाची खळ होते आणि ती घासणीत अशी अडकते की मग घासणीच धूत बसावं लागतं. गार पाण्यानं थर निघाला की पुढे गरम पाणी नि साबण वापरायला हरकत नाही.

सुरुवात सगळ्यात तेलकट भांड्यानं

'अवघड ते आधी' हा सल्ला इथे अजिबात उपयोगाचा नाही. कढई आधी घासली की घासणी तेलकट होते आणि तेच तेल पुढच्या भांड्यांवर फिरतं. आधी पेले, मग चमचे, मग ताटं-वाट्या आणि शेवटी कढई, असा क्रम ठेवा. स्टील किंवा काचेचं भांडं निघालं की नाही ते पाणी ओतून कळतं: स्वच्छ भांड्यावरून पाणी सलग पसरून उतरतं, तेलकट असेल तर त्याचे थेंब होतात. प्लॅस्टिकला ही परीक्षा लावू नका, त्यावर स्वच्छ असतानाही थेंब धरतात.

करपलेलं बूड जोर लावून घासणे

हात दुखतो आणि चरे पडतात, त्या चऱ्यांत पुढच्या वेळी आणखी चिकटतं. स्टीलचं पातेलं असेल तर दोन बोटं पाणी, एक-दोन चमचे खायचा सोडा, मंद आचेवर दहा मिनिटं उकळी. गार झाल्यावर लाकडी उलथण्यानं खरवडा, पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमला सोडा नको, काळं पडतं. त्यात नुसतं पाणी उकळा. नॉनस्टिकला तारेची घासणी कधीच नाही. आणि कुठलंही तापलेलं भांडं थेट गार नळाखाली धरू नका, बूड वाकडं होतं आणि मग ते शेगडीवर डुगडुगतं.

जाळी भरलेली ठेवणे

याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कालची धुतलेली भांडी जाळीत तशीच असतील तर आजची निथळायला ठेवणार कुठे? मग हात मागे येतो आणि आपण त्याला आळस म्हणतो. स्वयंपाक सुरू असताना पाणी उकळेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत जाळी रिकामी करून टाका.

ढीग आधीच साचला असेल तर साबणाला हात लावण्याआधी सिंक पूर्ण रिकामं करा. भांडी ओट्यावर काढा, गाळणीत अडकलेलं खरकटं उचला, वाळलेल्या पातेल्यांत पाणी भरा आणि ती भिजेपर्यंत फक्त पेले आणि चमचे घासा. तेवढ्यात ओट्यावर हात टेकायला जागा होते, पातेलीही मऊ पडतात. तरी जमत नसेल तर कढईत पाणी ठेवून बाजूला करा, तिला अजून थोडा वेळ भिजायचंच आहे.