बॉनेट तापतंय की इंजिन? छोट्या फोर-बाय-फोरवाल्यांनो, या चुका टाळा

मार्चअखेर ऊन चढायला लागलं की नाशिकच्या जिप्सी, थार आणि जिम्नीवाल्यांची ठरलेली तक्रार सुरू होते: "बॉनेटवर हात ठेववत नाही, गिअरच्या दांड्यापाशी पाय भाजतो, बघा ना जरा." गॅरेजातलं उत्तरही ठरलेलंच असतं. "भाऊ, रेडिएटर गेलाय, बदलून टाकू." रेडिएटर बदलला जातो, खिसा हलका होतो आणि पाय भाजायचा तो भाजतोच.

बहुतेक वेळा यात रेडिएटरचा दोष नसतो. तक्रारच मुळात दोन वेगळ्या गोष्टींची असते. इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जास्त तापणं ही एक, आणि बॉनेटखालची हवा जास्त तापणं ही दुसरी. पहिलीसाठी डॅशबोर्डवर काटा आहे, दुसरीला काटाच नाही. कूलंट अगदी जिथल्या तिथे असताना बॉनेटखाली भट्टी पेटलेली असू शकते, कारण तिथली बरीचशी उष्णता एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका वायू गोळा करणारा ओतीव भाग) आणि सायलेन्सरच्या पाइपाची असते. ती रेडिएटरमधून जातच नाही. तेव्हा पाना हातात घेण्याआधी गाडी कुठे आणि केव्हा तापते, हे दोन-चार दिवस नीट बघा.

आधी निरीक्षण, मग पाना

त्र्यंबक रोडला सातपूरच्या सिग्नलांवर रांगत असताना किंवा दुगारवाडीकडच्या कच्च्या रस्त्यावर काटा चढतो, आणि हायवेला लागल्यावर उतरतो? मग रेडिएटरमधून हवा खेचली जात नाहीये. फॅन, फॅनभोवतीचं काऊल (प्लास्टिकचं कडं) किंवा समोरचा अडथळा, यांतलं काहीतरी आहे.

उलट, मुंबई-आग्रा हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात काटा चढतो आणि सिग्नलला उभं राहिल्यावर ठीक असतो? त्या वेगात समोरून भरपूर वारा येतो, फॅनचं काम फारसं उरत नाही. मग रेडिएटर आतून क्षारांनी बुजलाय, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नाही, वॉटर पंप कमी पाणी ढकलतोय, किंवा खालचा होज (रबरी नळी) आत ओढला जाऊन चपटा होतोय. हे शेवटचं कारण गॅरेजात सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वॉटर पंप ज्या बाजूने पाणी ओढतो त्या होजमध्ये बऱ्याच गाड्यांना आत एक स्प्रिंग असते. ती गंजून गेली, किंवा होज बदलताना नवा स्वस्तातला बिनस्प्रिंगचा बसवला, तर जास्त आरपीएमला होज मिटतो आणि इंजिन थंड पाण्यावाचून राहतं. गाडी उभी असताना तोच होज फुगलेला, निरोगी दिसतो. दुसऱ्या कुणाला ॲक्सिलरेटर द्यायला सांगून टॉर्चने बघा, म्हणजे कळेल. पाहताना बाह्या, ओढणी, हात बेल्टपासून लांब.

आणि दोन्हीकडे काटा शहाण्यासारखा मध्यावर, तरी बॉनेट आणि पायाखालचा पत्रा भाजतोय? तर रेडिएटरचं नावच घेऊ नका. थेट एक्झॉस्टकडे वळा.

काट्याबद्दल एक सावधगिरी. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मंद ठेवलेला असतो. कूलंट ऐंशी अंशांवर असो की शंभरावर, काटा मध्येच उभा. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. नव्या थार-जिम्नीला ओबीडी सॉकेटमध्ये (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या खाचेत) स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल लावला की मोबाइलवर खरा आकडा दिसतो. रेडिएटर बदलण्याच्या खर्चापुढे ही किंमत काहीच नाही.

समोरून वारा अडवण्याची हौस

बंपरवर चार फॉगलॅम्प, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोर), त्यावर जाळी, जाळीवर क्लबची पाटी. फोटोत गाडी झकास दिसते, रेडिएटरला मात्र श्वास मिळत नाही. बंपरपुढच्या लोखंडी बुलबारचा प्रश्न तर वेगळाच आहे: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, तरी आपल्याकडे दिसतातच. निदान उन्हाळ्यात ग्रिलसमोरचे दिवे बाजूला सरकवा आणि काटा बघा. फरक पडला तर उत्तर हातात आलं.

पण बाहेरून न दिसणारा अडथळा याहून वाईट. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, मध्ये जेमतेम बोटभर फट. पावसाळ्यात भावली-इगतपुरीकडच्या भातखाचरांतून गाडी काढली की लाल चिखल या फटीत उडतो. पाऊस संपतो, चिखल सुकून पत्र्यासारखा घट्ट बसतो. मग दिवाळीनंतर अंजनेरी-हरिहरच्या पायथ्याला सुकलेल्या गवतातून जाताना कुसळं येऊन त्यावर अडकतात. पुढून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. वरची पट्टी सैल करून टॉर्च वरून खाली मारा, म्हणजे रेडिएटरच्या पोटावर बसलेला मातीचा आणि कुसळांचा गालिचा दिसेल. जुलैचा हा चिखल आपली किंमत एप्रिलमध्ये वसूल करतो.

साफ करताना हमखास होणारी चूक म्हणजे वॉशिंग सेंटरवर पुढून प्रेशरचा फवारा मारणं. नाजूक पाती आडवी होतात आणि घाण आणखी आत रुतते. इंजिन थंड असू द्या, साध्या नळीने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी सोडा. चिखल आधी भिजू द्या, घाई नको. वाकलेली पाती प्लास्टिकच्या कंगव्याने सरळ होतात.

कुसळांचं आणखी एक. तीच कुसळं खाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा, भरपूर तापणारा डबा) आणि पाइपाच्या वर, पोटाखालच्या स्किड प्लेटच्या खाचेत साठतात. तिथे नुसतं तापत नाही, पेट घेऊ शकतं. गवतातून आलात की गाडीखाली वाकून बघा.

फॅनला दोष देण्याआधी फॅन तपासा

जिप्सीसारख्या गाड्यांत फॅन बेल्टवर चालतो आणि त्याच्या मध्यभागी व्हिस्कस क्लच असतो. आत सिलिकॉन तेल. हवा गरम झाली की क्लच घट्ट धरतो, थंड असली की सोडतो. इंजिन बंद आणि थंड असताना फॅन हाताने फिरवा: थोडा जडपणा जाणवला पाहिजे. मोकळा, गरगर फिरला तर क्लच गेला. गरम इंजिन बंद केल्या केल्या, चावी काढून, पुन्हा फिरवा: आता जास्त जड लागला पाहिजे. क्लचच्या तोंडापासून पात्यांच्या दिशेने तेलकट धुळीच्या रेघा दिसल्या तर तेल गळालंय, त्याचं आयुष्य संपलं.

सगळ्यात सोपी चाचणी पेपरच्या कपट्याची. इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये उभी, एसी चालू. वर्तमानपत्राचा पंजाएवढा तुकडा ग्रिलवर सोडा. फॅन ओढत असेल तर तो चिकटून राहतो. खाली पडला तर हवा येत नाही. आणि पुढे उडाला, तर इलेक्ट्रिक फॅन उलटा फिरतोय. हा विनोद नाही. बाहेरून आणलेला फॅन बसवताना वायरमनने दोन वायरी अदलाबदल केल्या की फॅन आवाज तर छान करतो, पण रेडिएटरमधून येणारी हवाच परत पुढे ढकलतो.

फॅनभोवतीचं प्लास्टिकचं काऊल "काम करताना अडचण होते" म्हणून काढून ठेवलेलं असतं आणि मग कुणालाच आठवत नाही. काऊल नसलं की फॅन रेडिएटरमधून नव्हे, बाजूची हवा ओढतो आणि तीच गरम हवा गोल गोल फिरत राहते. माझ्या मते काऊलविना फिरणाऱ्या जुन्या जिप्सीत दुसरं काहीही तपासण्यात अर्थ नाही. आधी ते शोधून बसवा, मग बोलू.

"थर्मोस्टॅट काढून टाकू का?"

नाही. हा सल्ला दर दुसऱ्या मिस्त्रीकडून मिळतो आणि एखाददोन आठवडे बरं वाटतं म्हणून खराही वाटतो. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन योग्य तापमानाला वेळेवर पोहोचत नाही, पेट्रोल जास्त जातं, निफाडकडच्या हिवाळ्यात तर इंजिन तासभर थंडच चालतं. काही इंजिनांत त्याहून वाईट: उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंदही करतो. तोच काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत येतो. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, दोरीने टांगलेला थर्मोस्टॅट आणि गॅस. त्याच्यावर 82 किंवा 88 असा आकडा छापलेला असतो. त्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पुढे पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा आणा, महाग वस्तू नाही.

रेडिएटरचं झाकण तर सगळ्यात दुर्लक्षित. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण 0.9 बारच्या जवळपास दाब धरतं म्हणून तेच पाणी 115 च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली की काटा लालच्या खाली असतानाच पाणी उसळतं आणि लोक हेड गॅसकेट गेलं समजून इंजिन उघडून बसतात.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, आपल्याकडच्या बोअरला क्षार आहेत. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही निम्मे-निम्मे. हिरवं-गुलाबी बघून कूलंटची जात ठरवू नका, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. बाटलीवरचं मानक वाचा. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. आत हवा अडकून एअर लॉक राहिला की पुढचं सगळं निदान चुकतं.

काटा ठीक, बॉनेट गरम

इथे मात्र वेळ द्या, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

थंड इंजिन चालू करून पहिल्या मिनिटात कान द्या. टिक-टिक-टिक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर विरतो? मॅनिफोल्डचं गॅसकेट फुटलंय, किंवा एखादा स्टड तुटलाय. टॉर्चने हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर बघा. काळी, पंख्यासारखी पसरलेली काजळी असेल तर तिथून जळका वायू थेट बॉनेटखाली येतोय. समोरची वायर किंवा होज त्याच जागी कडक, चकचकीत झालेला दिसतो. गाडी बंद जागेत चालवू नका, हा वायू विषारी आहे आणि गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरी आवरणातून आतही येतो.

मग मॅनिफोल्डवरचा पातळ पत्रा, हीट शील्ड. बोल्ट गंजला, पत्रा खडखडायला लागला, कुणीतरी काढून फेकला. हे कायम होतं. तो पत्रा नुसता शोभेचा नाही, हवेची फट ठेवून उष्णता अडवतो. बदल्यात मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळायची फॅशन आहे. ती टाळा. ओतीव लोखंड आतल्या आत जास्त तापून तडकू शकतं, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पट्टी ओली राहून पाइप गंजतो तो वेगळाच.

तिसरं, इग्निशन टायमिंग. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या जिप्सीत टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडलं की पेट्रोल उशिरा जळतं आणि सिलिंडरमध्ये कामी यायची उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. गाडी मवाळ होते, घाटात दम टाकते, मॅनिफोल्ड तापतो. "कानाने" लावलेलं टायमिंग मान्य करू नका, टायमिंग लाइट असलेला मिस्त्री शोधा. बुजलेला कन्व्हर्टरही असाच वागतो: वर ओढ नाही, खाली भयंकर उष्णता.

इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलात तर एक ध्यानात ठेवा. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा स्टीलवर तो खोटं, कमी तापमान दाखवतो. होज, रंगवलेला भाग किंवा काळ्या रंगाचा ठिपका लावून तिथे मोजा.

बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वायसर टाकून फट करायची टूम काही वर्षांपासून आहे. उभ्या गाडीत थोडी गरम हवा बाहेर जाते, खरं आहे. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते. पावसात पाणीही. शिवाय पार्किंगमध्ये उंदरांना नवं दार.

फोर व्हीलचा गिअर आणि डिझेलवाल्यांचा वेगळा प्रश्न

पेठ रोडच्या सावळघाटात किंवा सप्तशृंगी गडाच्या चढाला कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकून जाणं चुकीचं आहे. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नसलेल्या गाडीत त्यांची ओढाताण होते, ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) तापते आणि ती उष्णता पायाखाली जाणवते. उलट कच्च्यावर क्लच अर्धवट दाबून रांगू नका, लो रेंज (जास्त ओढीचा, कमी वेगाचा गिअर) वापरा. बेल्टवरचा फॅन आणि पंप इंजिनच्या आरपीएमवर चालतात, गाडीच्या वेगावर नाही.

बीएस-6 डिझेल थारला अधूनमधून खालून जळका वास, फॅन जोरात, उभ्या गाडीतलं आरपीएम थोडं वाढलेलं, असं झालं की घाबरू नका. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली) काजळी गाडी स्वतः जाळतेय, त्यासाठी तिथलं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेते. मधेच गाडी बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं हायवेला चालवा. बंद करून सुक्या गवतावर तर मुळीच उभी करू नका.

आणि कसारा चढताना काटा लालकडे गेलाच तर: एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ किंवा गळती नसेल तर इंजिन चालू ठेवा, थोडं रेस द्या, काटा उतरू द्या, मग बंद करा. वाफ येत असेल, पाणी सांडत असेल, तर लगेच बंद. झाकणाला किमान अर्धा तास हात लावायचा नाही, आणि उघडताना जाड फडकं धरून आधी पहिल्या खाचेपर्यंतच. गरम ब्लॉकवर बिसलेरीची थंड बाटली ओतायची नाही. पाणी घालायचंच असेल तर इंजिन कोमट झाल्यावर, थोडं थोडं.