स्टार्टर रिलेला व्होल्टेज कमी पडते तेव्हा
किल्ली फिरवल्यावर स्टार्टर रिले (स्टार्टर मोटरकडे जाणारी वीज जोडणारा विद्युत स्विच) नुसताच टकटक करतो आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा अनेक जण थेट नवा रिले आणून बसवतात. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा रिलेपर्यंत येणाऱ्या वायरिंगमध्ये असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि आधी बॅटरी मोजावी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरवताना ती ९.६ च्या खाली घसरत असेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

यानंतरचे प्रत्येक मोजमाप मदतनिसाने किल्ली 'स्टार्ट'वर धरलेली असतानाच घ्यावे, कारण प्रवाह वाहत नसताना गंजलेला जोडही मल्टिमीटरवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लाल प्रोब बॅटरीच्या धन टोकावर आणि काळी प्रोब रिलेच्या ८६ क्रमांकाच्या पिनेवर (रिले ओढणाऱ्या कॉइलला वीज इथून मिळते) ठेवल्यास वाटेत हरवणारे व्होल्टेज थेट वाचता येते. ते अर्ध्या व्होल्टहून जास्त असल्यास क्लच स्विच, इग्निशन स्विच आणि फ्यूज असे एकेक टप्पा मागे जात तपासावे. ८५ ची पिन (कॉइलची अर्थिंगकडची बाजू) आणि बॅटरीचे ऋण टोक यांत ०.२ व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास अर्थिंगचा जोड घासून घट्ट करावा. मात्र काही गाड्यांत या पिनांची अदलाबदल असते, तर काहींत अर्थिंग ईसीयूमार्फत (इंजिनच्या नियंत्रक संगणकामार्फत) मिळते. म्हणून आपल्या मॉडेलची वायरिंग आकृती जवळ ठेवावी.

कॉइलला पुरेसे व्होल्टेज मिळून रिले ओढला जात असताना ३० आणि ८७ या स्टार्टरकडे वीज नेणाऱ्या पिनांमध्ये ०.२ व्होल्टहून अधिक फरक दिसला, तरच रिले बदलावा.