टॅली उघडेना, आयकॉन पांढरे पडलेत : संस्थांनी या चुका टाळा

फोन बहुतेक वेळा सोमवारी सकाळी येतो. “टॅली उघडेना झालंय. आयकॉन सगळे पांढरे पडलेत, कायतरी इंग्लिशमध्ये लिहून आलंय.” टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि हे काम रॅन्समवेअरचं, म्हणजे फायली लॉक करून किल्लीसाठी पैसे मागणाऱ्या व्हायरसचं. मी आधी एकच विचारतो : मशीनला कुणी हात लावलाय का? उत्तर ठरलेलं असतं. कुणाच्या तरी ओळखीचा पोरगा येऊन फॉरमॅट मारायला बसलेला असतो.

सांगली-मिरजेत पतसंस्था, अडत दुकानं, दवाखाने, शाळा यांच्या कॉम्प्युटरांची कामं करतो. जिथे असा हल्ला झाला त्यातल्या बहुतेक ठिकाणी चोराला कुलूप फोडावंच लागलं नव्हतं. कुणाच्या तरी सोयीसाठी दार आधीच उघडं ठेवलेलं होतं.

बॅकप आहे, पण वायरीला लटकलेला

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुरात पेठेतल्या एका दुकानाचं सगळं दप्तर गेलं. बॅकपची हार्डडिस्क होती, पण कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात, म्हणजे दोन्ही एकाच पाण्यात. मालक शहाणे झाले. वरच्या मजल्यावर बॅकपचा डबा (नेटवर्कवर जोडलेली डिस्क) बसवला, खालून लॅनची, म्हणजे नेटवर्कची, वायर ओढली, रोज रात्री आपोआप कॉपी. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा डेटा सुखरूप राहिला. पुढे एके दिवशी रॅन्समवेअर आलं आणि त्याच वायरीने वर चढून डब्यातल्या कॉप्याही लॉक करून गेलं.

खालच्या मशीनवर तो डबा साध्या ड्राइव्हसारखा दिसत होता. दिवाणजींना त्यात लिहिता येत होतं, म्हणजे दिवाणजींच्या नावाने चालणाऱ्या व्हायरसलाही येत होतं. पेनड्राइव्ह कायम मागे खुपसून ठेवला तरी तेच.

उपाय खर्चिक नाही. दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक सोमवारची, एक गुरुवारची. कॉपी होईपर्यंतच जोडायची, मग काढायची. एक कायम दुसऱ्या जागी, पूर चढत नाही अशा भागातल्या कुणाच्या तरी घरी, आणि तिला पासवर्ड लावून. या धंद्यातला जुना हिशेब असा : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक जागेबाहेर. ‘आमचं गुगल ड्राइव्हवर आपोआप जातं’ असं कुणी म्हटलं तर सांगा, लॉक झालेली फाइलही तितक्याच आपोआप जाते. तिथे जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस मिळतात, पण फायली मागे नेत बसणं हे मार्चएंडला करायचं काम नव्हे.

आणि बॅकप उघडून बघा. एका संस्थेत रोज ‘सक्सेसफुल’ असा संदेश यायचा. गरज पडली तेव्हा कळलं, आठ महिने रोज कॉपी होत होती ती जुन्याच आर्थिक वर्षाच्या फोल्डरची. टॅलीत नवीन वर्षाची कंपनी (हिशेबाचं नवं खातं) दुसरीकडे तयार केली आणि बॅकपला कुणी सांगितलंच नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं आहे ते बघा. टॅलीत रिस्टोअर नेहमी रिकाम्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, नाहीतर चालू डेटावर जुना बसतो. टॅली व्हॉल्ट (डेटा पासवर्डने बंद करायची सोय) लावला असेल तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो विसरला तर टॅलीवालेही परत मिळवून देत नाही.

मालकांना घरून बघायचं असतं

मालक पुण्याला लेकीकडे जातात आणि तिथून आजची विक्री बघायची असते. मग कुणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे लांबून मशीन चालवायचं दार, उघडून देतो. पासवर्ड दुकानाचं नाव आणि पुढे १२३. जगभरातल्या यंत्रांचं कामच असं उघडे पोर्ट शोधून रात्रभर पासवर्ड घालून बघणं. या पोर्टचा नेहमीचा आकडा ३३८९, त्याऐवजी दुसरा ठेवला म्हणून सुटका होत नाही, यंत्रं सगळेच आकडे ठोठावतात.

तुमच्याकडे असं चाललंय का, हे पाच मिनिटांत कळतं. विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटीची नोंदवही घ्या आणि ४६२५ क्रमांकाच्या नोंदी गाळून बघा. ही चुकलेल्या लॉगिनची नोंद. दिवसाला दोन-चार असल्या तर क्लार्क पासवर्ड विसरलाय. रात्री दोन-तीन वाजता शेकड्याने असल्या तर राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (तेच उघडलेलं दार) त्याच क्षणी बंद करा. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएन (आत यायचा कुलूपबंद खाजगी रस्ता) लावा, आणि पाच-सात वेळा पासवर्ड चुकला की खातं काही वेळ बंद होईल अशी सोय करा. एनीडेस्क या लांबून मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरला दिलेला कायमचा पासवर्डही काढा. ‘सॉफ्टवेअरवाल्यांना लागतो’ हे कारण मला पटत नाही. लागेल तेव्हा ते फोन करतील.

“मालक, ओटीपी आलाय बघा”

सगळ्यात अवघड चूक ही, कारण ती माणसामाणसांतली आहे. बँकेचा, जीएसटीचा, ई-वे बिलाचा (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याचा) ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो आणि काम करतो क्लार्क. मग दिवसातून दहा वेळा आवाज : “मालक, ओटीपी आलाय बघा.” मालक सौद्यात उभे, समोर हळदीची पोती, कानाला दुसरा फोन. आकडे वाचून दाखवतात. कशाचा ओटीपी, किती रकमेचा, हे कोण वाचतंय? एक दिवस तेच वाक्य दुसराच कुणीतरी बोलतो, ‘बँकेतून’ म्हणून, आणि मालक सवयीने आकडे सांगून मोकळे. मालकांना भोळं म्हणायचं कारण नाही. दहा वेळा रोज जे केलं तेच अकराव्यांदा केलं.

१ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलासाठी सगळ्याच करदात्यांना ओटीपी लागतो, त्यामुळे हा आवाज वाढलाय. तिथे क्लार्कला स्वतंत्र उपवापरकर्ता करून देता येतं, त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. बँकेतही एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने मंजूर करायचा अशी सोय मागून घ्या. डिजिटल सहीचा डोंगल मशीनला कायम लावून ठेवू नका आणि त्याचा पिन त्यालाच चिकटवू नका. हसू नका, मी चिठ्ठ्या सोडवल्यात.

याच जातीची दुसरी फसवणूक बेदाण्याच्या व्यापारात ऐकू येते. परगावच्या पार्टीचा मेल येतो : आमचं बँक खातं बदललंय, यापुढे या खात्यात पाठवा. मेलमधली बिलं खरी, भाषा ओळखीची, पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे. कधी तेही नाही, कारण पार्टीचा मेलच कुणीतरी वाचत बसलेला असतो. खातं बदलल्याचं कळलं की आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षेची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मशीन चालतं म्हणून ते सुरक्षित नसतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर मशीनं लॉक केली, ते ज्या भोकातून शिरलं त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. सीसीटीव्हीच्या डब्याला कंपनीतून आलेला पासवर्ड बदला. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके (फोनमध्ये अॅप बसवणारी) फाइल चलनाची असो की लग्नपत्रिकेची, ऑफिसच्या फोनवर उघडायची नाही. आणि डाउनलोड्सचं फोल्डर एकदा बघाच : कर्जदारांच्या आधार-पॅनचे फोटो वर्षानुवर्षं तिथे पडलेले असतात. व्यक्तिगत डेटाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेची खबरदारी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

“आमच्यात काय आहे चोरण्यासारखं?”

संचालक मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले, तेव्हा लोक म्हणाले, ती मोठी बँक. पण जुलै २०२४ मध्ये सी-एज या तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर आलं आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार काही काळ थांबले. त्या बँकांच्या मशीनवर काहीच झालं नव्हतं. म्हणून आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला लेखी विचारा : आमचा डेटा कुठे ठेवता, आमच्या मशीनवर कोण येतो, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड आहे का? आणि पूर्ण डेटाची एक प्रत दर महिन्याला आपल्या ताब्यात मागा.

हल्ला झालाच तर

पहिल्यांदा लॅनची वायर उपटा, वायफाय बंद करा. ते जमत नसेल तरच मशीन बंद करा. बॅकपची डिस्क त्या मशीनला चुकूनही जोडू नका, घाबरलेला माणूस हेच पहिलं करतो. पडद्याचा फोटो काढा. फॉरमॅट मारू नका. लॉक झालेल्या फायलींची प्रत ठेवून द्या, काही रॅन्समवेअरची किल्ली नंतर फुकट मिळते, ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर शोधता येते. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. पैसे गेले असतील तर तासाभरातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बँकेला फोन. २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) ६ तासांच्या आत द्यायची असते. आणि शिरकाव कुठून झाला हे कळल्याशिवाय डेटा परत चढवू नका. एका ठिकाणी चढवला, राउटरचा पोर्ट तसाच होता, चौथ्या दिवशी पुन्हा पांढरे आयकॉन.

हे नंबर आणि या पायऱ्या एका कागदावर लिहून भिंतीला लावा. एका पतसंस्थेने अशी यादी फार छान टाइप करून ठेवली होती. ती सर्व्हरवर होती, बाकीच्यांबरोबर लॉक झाली.