डिस्कॉर्डला पर्याय शोधताय? मग या चुका टाळा

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने, म्हणजे ग्रुपने बोलायच्या आणि चॅट करायच्या अ‍ॅपने, एक गोष्ट जाहीर केली. त्यांच्या ग्राहकसेवेचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असण्याची शक्यता होती. तेव्हापासून कोल्हापुरातले गेमिंगवाले, ट्रेकवाले, सायकलवाले सगळे एकच विचारतात, "दुसरं काय घ्यायचं?" प्रश्न रास्त आहे. मला त्रास होतो तो पुढच्या घाईचा. कुणीतरी अर्ध्या तासाचा व्हिडिओ बघतो, बरोबर-चूक खुणांचा तक्ता ग्रुपवर टाकतो आणि शनिवारी रात्री चारशे माणसं नव्या ठिकाणी हलवायला निघतो.

तक्त्यात सगळं असतं. फक्त तुमच्या ग्रुपमध्ये रोज बोलतात की रोज लिहितात, आणि दोन वर्षांनी हे सगळं कोण सांभाळणार, हे नसतं. आवाज आणि मजकूर या दोन वेगळ्या गरजा आहेत. २००५ पासून चालत आलेलं मम्बल आवाजाला उत्तम आहे. बोललेलं लगेच पोचतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पण त्यातला मजकूर साठून राहत नाही. जो तेव्हा हजर नव्हता, त्याला काही दिसणार नाही. झुलिपचं बरोबर उलटं. विषयवार चर्चा इतकी नीट लागते की सहा महिन्यांपूर्वीचा मुद्दा सहज सापडतो, पण रात्रभर गप्पा मारत खेळायला ते नाही. या दोघांना एकाच तक्त्यात बसवून गुण देण्यात काही अर्थ नाही. मी आधी ग्रुपची गेल्या महिन्याभराची चॅट वरखाली बघतो. लोक कसे वागतात ते तिथे कळतं, मग अ‍ॅपचं नाव काढायचं.

घरच्या पीसीवर सर्व्हर

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर सविस्तरच लिहितो.

राजारामपुरीतल्या इंजिनीअरिंगच्या पोरांचा एक गेमिंग ग्रुप आहे. हुशार पोरं. मम्बल घ्यायचं ठरलं, इथपर्यंत निर्णय योग्यच होता. मी म्हटलं, मम्बलचा सर्व्हर चालवायला मुंबईच्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस, म्हणजे कायम चालू राहणारा दूरचा कॉम्प्युटर, भाड्याने घ्या, वर्गणी काढा. तर उत्तर आलं, "दादा, कशाला पैसे घालायचे? घरात पीसी पडूनच आहे की."

पीसीवर सर्व्हर चढवला, राउटरमध्ये ६४७३८ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडला, त्याच वायफायवरच्या दोन फोनवरून बोलून बघितलं. आवाज एकदम स्वच्छ. लगेच ग्रुपवर पत्ता टाकला, रविवारी रात्री नऊला सगळे या. नऊला बाहेरून एकही माणूस आत येईना. मग फायरवॉल बंद कर, अँटिव्हायरस काढ, विंडोज नव्याने टाक, असं पहाटेपर्यंत चाललं. कुणी मोबाईल नेटवर्कला दोष दिला, कुणी मम्बललाच.

दुसऱ्या दिवशी मी राउटरचं स्टेटस पान उघडायला सांगितलं. तिथला वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १०० ने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला होता. याला सीजीनॅट म्हणतात. आपल्याकडचे बरेच इंटरनेट पुरवणारे एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांमध्ये वाटतात. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. तिथे कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. ओळखायची पद्धत सोपी आहे. राउटरमधला वॅन आयपी आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या वेबसाइटवरचा आयपी जुळतो का बघा. जुळत नसेल तर एकतर पुरवठादाराकडे स्टॅटिक आयपी मागा, नाहीतर व्हीपीएस घ्या.

पोरांनी शेवटी व्हीपीएस घेतला. सगळे आत आले, मेसेजही जायला लागले, पण आवाज तुटक. इथे दुसरी गफलत होती. इंटरनेटवर डेटा टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धतींनी जातो, आणि पोर्ट उघडताना फक्त टीसीपी उघडला होता. मम्बलला ६४७३८ हा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी असा दोन्हीकडे लागतो. यूडीपी बंद असला तरी ते बिचारं टीसीपीवरून आवाज पाठवत राहतं, म्हणून कनेक्शन झाल्यासारखं दिसतं आणि माणूस माइक बदलत बसतो. "मेसेज जातो पण आवाज तुटतो" अशी तक्रार आली की मी आधी यूडीपीच बघतो.

आणि घरच्या सर्व्हरचं आणखी एक दुखणं म्हणजे लाइट. पावसाळ्यात ती गेली की सर्व्हर गेला, आणि इन्व्हर्टर संपल्यावर परत चालू करायला घरात कुणी असेलच असं नाही. स्वतःचा सर्व्हर असावा या मताचा मी आहे, म्हणूनच सांगतो, तो घरात नको.

मम्बलवाल्यांना एवढंच आणखी: तिथे तुमची ओळख सर्टिफिकेटवर, म्हणजे तुमच्या पीसीवरच्या एका फाइलवर, असते. पीसी फॉरमॅट करायच्या आधी ते पेनड्राइव्हवर काढून ठेवा, नाहीतर स्वतःचंच नाव परत मिळवायला अ‍ॅडमिनच्या मागे लागावं लागतं.

रिकव्हरी की "नंतर बघू"

पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक करणाऱ्या एका ग्रुपने मेट्रिक्स निवडलं. चांगली निवड. २०१४ पासूनचा खुला प्रोटोकॉल (वेगवेगळ्या अ‍ॅप्सनी एकमेकांशी बोलायचे नियम), कुठल्याही एका कंपनीच्या हातात नाही, सर्व्हर हवा तो घ्या. रूम तयार करताना अ‍ॅडमिनने एन्क्रिप्शन चालू केलं, म्हणजे मेसेज कुलूपबंद होतात आणि चावी फक्त सदस्यांच्या उपकरणांवर असते. रिकव्हरी की (त्या चाव्या परत मिळवायचा कोड) जपून ठेवा अशी सूचना आली, ती "नंतर" म्हणून बंद केली. काही महिन्यांनी जुना मोबाईल एक्स्चेंजला दिला. नव्या फोनवर लॉगिन झालं, पण वाटेतल्या वाड्यांचे संपर्क, मुक्कामाची माहिती, पाण्याच्या जागा या सगळ्यांच्या जागी "हा मेसेज उघडता येत नाही". दुसऱ्या कुठल्या उपकरणावर लॉगिन चालू असतं तर चाव्या तिथून मिळाल्या असत्या. तेही नव्हतं. शेवटी बाकीच्या सदस्यांकडून जमेल तेवढं गोळा करावं लागलं.

मी आता अ‍ॅडमिनला समोर बसवून रिकव्हरी की कागदावर लिहायला लावतो. लोकांना हे जुनाट वाटतं, वाटू दे. दुसरं म्हणजे, कुणालाही येता येईल अशा खुल्या रूमला एन्क्रिप्शन लावून काही मिळत नाही, आणि एकदा लावलं की त्या रूममधून काढता येत नाही. आधी विचार, मग बटण.

मेट्रिक्सबद्दल आपल्या इथली एक महत्त्वाची गोष्ट परदेशी तक्त्यांत सापडत नाही. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात एलिमेंट होतं, थ्रीमा आणि ब्रायरही होती. एलिमेंट हे मेट्रिक्सवर चालणारं एक अ‍ॅप आहे. फ्लफीचॅट, सिनी अशी वेगळीही आहेत. कुठलं अ‍ॅप तुमच्या सदस्यांच्या फोनवर आणि नेटवर सरळ उघडतं हे आठ-दहा जणांकडून तपासून घ्या, मगच घोषणा करा.

"टेलिग्राम सेफ आहे"

एन्क्रिप्शन नाही म्हणून डिस्कॉर्ड सोडायचं आणि टेलिग्रामवर ग्रुप काढायचा, हे मला अजिबात पटत नाही. टेलिग्रामच्या ग्रुपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे कंपनीलाही वाचता येणार नाही असं कुलूप, नाहीच. ते फक्त दोघांमधल्या सीक्रेट चॅटला आहे. डिस्कॉर्डने २०२४ पासून निदान आवाज आणि व्हिडिओला ते आणायला सुरुवात केली, मजकुराला नाही. खरंच गुप्तता हवी असेल तर सिग्नल घ्या, ग्रुपमध्ये एक हजार माणसं मावतात. टेलिग्रामची ताकद वेगळी आहे: दोन लाखांपर्यंतचा ग्रुप आणि २ जीबीची फाइल. त्यासाठी जरूर वापरा.

आणि नंबरचा विचार करा, विशेषतः ग्रुपमध्ये मुली-बायका असतील तर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. इथल्या एका सायकल ग्रुपमधल्या ताईंना अनोळखी माणसांचे फोन यायला लागले आणि त्या ग्रुप सोडून गेल्या. एक चांगली सायकलपटू ग्रुपने गमावली ती अ‍ॅडमिनच्या आळसापायी. सिग्नलवर २०२४ पासून युजरनेम आहे आणि नंबर आपोआप झाकलेला असतो. टेलिग्रामवर तो आपोआप फक्त तुमच्या कॉन्टॅक्टमधल्यांना दिसतो, त्यांच्यापासूनही झाकायचा तर सेटिंगमध्ये जावं लागतं.

थोडक्यात सांगण्यासारख्या

स्लॅक या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपच्या मोफत योजनेत फक्त गेल्या ९० दिवसांचं दिसतं आणि वर्षापेक्षा जुनं पुसलं जातं. जुनं जपायचं असेल तर तिथे जाऊ नका.

मित्र आहे म्हणून कुणालाही पूर्ण अ‍ॅडमिन करू नका. दोन अ‍ॅडमिन असावेत, एकाच घरातले नसावेत.

भजन, हलगी, पेटी ऐकवायची असेल तर नॉइज सप्रेशन बंद करा. ते वाद्यालाच गोंगाट समजून कापतं.

गगनबावडा, राधानगरीकडचे सदस्य तुटत असतील तर चॅनलचा बिटरेट (आवाजाला दर सेकंदाला लागणारा डेटा) कमी करा. डिस्कॉर्डचा नेहमीचा ६४ केबीपीएस असतो, म्हणजे सलग बोलणाऱ्या एका माणसामागे तासाला साधारण २९ एमबी. बोलण्यापुरते ३२ केबीपीएस पुरतात.

जुना ग्रुप त्याच दिवशी बंद

पेठेतल्या फुटबॉलवाल्यांनी हे केलं. शाहू स्टेडियमवरच्या मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करून सगळ्यांना नवी लिंक दिली. मॅचच्या संध्याकाळी नव्या ठिकाणी मोजकी पोरं, आणि बाकीच्यांनी तोवर तीन वेगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलेले. पन्नाशीतली जी माणसं खेळाडूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती सांगायची, ती नव्या अ‍ॅपवर आलीच नाहीत. जुना ग्रुप दोन-तीन महिने चालू ठेवा, पण महत्त्वाची बातमी आधी नव्या ठिकाणी टाका. लोक आपल्या पायांनी येतात. ज्येष्ठांच्या फोनवर कुणीतरी घरी जाऊन अ‍ॅप बसवून द्यावं. लिंक पाठवली म्हणजे काम झालं असं होत नाही.

बसवून देताना एक काम तिथेच उरका. शाओमी, विवो, रिअलमीसारखे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स बंद करतात, आणि "मेसेज येतच नाहीत" या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बंधन काढा, ऑटोस्टार्ट चालू करा, फोन लॉक करा आणि दुसऱ्या फोनवरून मेसेज टाकून बघा. वाजला तरच उठा.